शाब्दिक उदाहरणे : मुले नेमकी कोठे अडतात?

पहिली-दुसरीतील पुष्कळ मुले १३ मधून ८ वजा करण्याचे गणित पाटीवर उभे मांडून दिले तर चटकन ५ हे उत्तर काढतात. परंतु 'सीमाकडे ८ गोट्या होत्या, दादाने तिला आणखी काही दिल्या, आता तिच्याकडे १३ गोट्या झाल्या, तर दादाने किती दिल्या?' असे विचारले की तीच मुले थबकतात, आणि थोड्या वेळाने एकतर दोन्ही संख्यांची बेरीज करून २१ लिहितात किंवा मान वर करून 'ह्यात अधिक करायचं की वजा?' असे विचारतात. या अडचणीची दोन कारणे सर्रास सांगितली जातात. एक म्हणजे मुलाचे गणित कच्चे आहे आणि दुसरे म्हणजे त्याचे वाचन कच्चे आहे. पण आकडेमोड तर त्याला आधीच जमलेली असते, आणि उदाहरण दुसऱ्या कोणी मोठ्याने, सावकाश वाचून दाखवले तरी अनेकदा अडचण कायम राहते. याचा अर्थ अडचणीचे मूळ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे, आणि नेमकी ही मधली जागा शिकवण्यातून बहुधा निसटते.

वाचन आणि आकडेमोड यांच्या मधली पायरी

शाब्दिक उदाहरण सोडवताना मनात काय घडते, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बारकाईने केला. वॉल्टर किंट्श आणि जेम्स ग्रीनो या अमेरिकन संशोधकांनी १९८५ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार, उदाहरण वाचणारा माणूस शब्दांवरून थेट आकड्यांकडे जात नाही. आधी तो वाक्यांचा अर्थ लावतो, त्या अर्थावरून प्रसंगाचे एक चित्र मनात उभे करतो (कोणाकडे काय होते, मग काय झाले, शेवटी काय राहिले आणि यातील कोणती गोष्ट सांगितलेली नाही) आणि त्यानंतर त्या चित्राला लागू पडणारी क्रिया निवडतो. या मनातल्या चित्राला येथे 'प्रसंगचित्र' असे म्हणता येईल. प्रौढ माणसाच्या मनात ते क्षणार्धात तयार होत असल्याने अशी काही पायरी आहे हेच त्याच्या ध्यानात येत नाही आणि म्हणून ती शिकवावी लागते असेही त्याला वाटत नाही. लहान मुलाच्या बाबतीत मात्र सारे कष्ट याच पायरीवर पडतात. ते जमले नाही तर त्याच्या हाती केवळ दोन सुट्या संख्या उरतात आणि त्यांचे काय करायचे हे कोणाला तरी विचारण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

प्रसंगचित्राचे महत्त्व किती आहे, हे हडसन या संशोधकाच्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका साध्या प्रयोगातून फार चांगले दिसते. मुलांना काही पक्षी आणि त्यांच्याहून कमी अळ्या असलेले चित्र दाखवण्यात आले. 'अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त आहेत?' असे विचारल्यावर पहिलीतील ६४ टक्के आणि त्याहून लहान, शिशुवर्गातील केवळ १७ टक्के मुलांना बरोबर उत्तर देता आले. मग त्याच चित्राविषयी दुसऱ्या प्रकारे विचारण्यात आले : सगळे पक्षी अळ्या टिपायला धावले आणि प्रत्येकाने एकेक अळी घ्यायची म्हटले, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही? या प्रश्नाचे उत्तर पहिलीतील सर्वच्या सर्व आणि शिशुवर्गातील ८३ टक्के मुलांनी बरोबर दिले. चित्र तेच, संख्या त्याच आणि उत्तरही तेच असताना पडलेला हा फरक मुलांच्या मोजण्याच्या कुवतीचा नव्हे. 'कितीने जास्त' या शब्दांतून कोणतीही घटना डोळ्यांपुढे येत नाही, आणि अळी न मिळालेला पक्षी मात्र चार वर्षांच्या मुलालाही दिसतो.

एकच वजाबाकी, अनेक प्रसंग

प्रौढांच्या दृष्टीने १३ − ८ ही एकच क्रिया आहे; मुलाच्या दृष्टीने ती निरनिराळ्या प्रसंगांत लपलेली निरनिराळी गोष्ट असते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील थॉमस कार्पेंटर, एलिझाबेथ फेनेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात बेरीज-वजाबाकीच्या उदाहरणांचे जे वर्गीकरण रूढ केले, त्यात दोन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली म्हणजे प्रसंगात काय चालले आहे : काही भर पडते आहे, काही कमी होते आहे, एका समूहाचे भाग पडले आहेत, की दोन समूहांची तुलना आहे. दुसरी, आणि शिकवताना अधिक महत्त्वाची, म्हणजे माहीत नसलेली संख्या प्रसंगाच्या कोणत्या टप्प्यावर आहे. शेवट काढायचा असेल तर उदाहरण सोपे जाते, मधला बदल काढायचा असेल तर कठीण होते आणि आरंभच माहीत नसेल तर बहुतेक मुलांना ते सर्वांत जड जाते.

*चौकट : त्याच संख्यांची सहा उदाहरणे*

१. सीमाकडे १३ गोट्या होत्या. तिने ८ गोट्या राजूला दिल्या. तिच्याकडे किती उरल्या? (शेवट अज्ञात)

२. सीमाकडे ८ गोट्या होत्या. दादाने आणखी काही दिल्यावर १३ झाल्या. दादाने किती दिल्या? (बदल अज्ञात)

३. सीमाकडे काही गोट्या होत्या. दादाने ८ दिल्यावर १३ झाल्या. तिच्याकडे आधी किती होत्या? (आरंभ अज्ञात)

४. सीमाकडच्या १३ गोट्यांपैकी ८ लाल आहेत आणि बाकीच्या निळ्या. निळ्या किती? (भाग अज्ञात)

५. सीमाकडे १३ आणि राजूकडे ८ गोट्या आहेत. सीमाकडे किती जास्त आहेत? (फरक अज्ञात)

६. सीमाकडे राजूपेक्षा ५ गोट्या जास्त आहेत. सीमाकडे १३ आहेत, तर राजूकडे किती? (लहान समूह अज्ञात)

घरी किंवा वर्गात ही सहाही उदाहरणे एकाच मुलाला वेगवेगळ्या दिवशी, गोट्यांऐवजी बोरे, पेन्सिली किंवा रुपये घालून दिली, तर त्याची गाडी नेमकी कोणत्या प्रसंगाशी अडते हे स्पष्ट दिसते, आणि 'याला शाब्दिक उदाहरणे येत नाहीत' या सरसकट शेऱ्याची जागा उपयोगी पडेल अशा निदानाला घेता येते. ज्या वहीत वजाबाकीची उदाहरणे म्हणजे पहिल्या प्रकाराचीच पाच-पन्नास उदाहरणे असतात, त्या वहीने मुलाला वजाबाकीचा एकच चेहरा दाखवलेला असतो, आणि मग दुसरा चेहरा दिसताच ते गोंधळले तर त्यात त्याचा दोष म्हणता येत नाही.

न शिकवता मुले काय करतात

क्रियेचे नाव न सांगता मुलासमोर मूठभर चिंचोके ठेवले आणि उदाहरण तोंडी सांगितले, तर ते काय करते हे पाहण्यासारखे असते. चौकटीतील पहिल्या उदाहरणात ते १३ चिंचोके मोजून मांडते, त्यातले ८ बाजूला सारते आणि राहिलेले मोजते. दुसऱ्या उदाहरणात वजाबाकी त्याच्या मनातही येत नाही; ते ८ चिंचोके मांडते आणि १३ होईपर्यंत त्यांत आणखी घालत जाते. येथे एक बारीकशी अडचण येते. नव्याने घातलेले चिंचोके जुन्या ढिगात मिसळले तर अखेरीस समोर नुसते १३ चिंचोके दिसतात, आणि घातले किती हे कळण्याचा मार्ग राहत नाही. दोन-तीनदा असे झाले की बहुतेक मुले आपणहून नवे चिंचोके थोडे दूर, वेगळ्या ओळीत ठेवू लागतात. ही लहानशी सुधारणा म्हणजे खरे तर मोठी गणिती समज आहे, कारण काय आधीचे आहे, काय नंतरचे आहे आणि विचारले काय आहे, या तिन्ही गोष्टी मुलाने एकाच वेळी ध्यानात धरलेल्या असतात. प्रसंग जसा घडला तसाच वस्तूंनी घडवून पाहण्याच्या या पद्धतीला 'प्रत्यक्ष मांडणी' म्हणतात.

काही महिन्यांनी मूल ८ चिंचोके मांडण्याचे सोडून देते. 'आठ' हा शब्द मनात धरून ते बोटे उघडत 'नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा' असे म्हणते आणि उघडलेली पाच बोटे पाहून उत्तर सांगते. या 'पुढे मोजण्या'नंतर कधीतरी '८ ला १० करायला २ लागतात, वर ३, म्हणजे ५' अशी माहीत असलेल्या जोड्यांवर आधारलेली युक्ती येते. प्रत्यक्ष मांडणी, पुढे मोजणे आणि युक्ती हा क्रम साधारणपणे असाच उलगडत जातो आणि तो घाईने पुरा करून घेता येत नाही. बोटांवर मोजणाऱ्या मुलाला हात मागे बांधायला लावणे म्हणजे ते चढण्याच्या आधीच शिडी काढून घेण्यासारखे आहे, म्हणून असे हात बांधायला लावणे मोठ्यांनी अजिबात टाळले पाहिजे.

तिसरे, आरंभ अज्ञात असलेले उदाहरण कठीण का जाते, याचे उत्तरही प्रत्यक्ष मांडणीतच आहे. 'सीमाकडे काही गोट्या होत्या' हे पहिलेच वाक्य ऐकल्यावर मुलाने किती चिंचोके मांडायचे? प्रसंग ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने तो मांडताच येत नाही; तो शेवटाकडून आरंभाकडे उलटा उलगडावा लागतो. भारतीय गणिताच्या परंपरेत या उलट्या वाटेला स्वतंत्र नाव आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त 'विलोमविधी' नावाची रीत दिली असून, तीत सांगितलेल्या क्रिया शेवटापासून मागे जात उलट करायच्या असतात, म्हणजे मिळवले असेल तेथे वजा करायचे आणि गुणले असेल तेथे भागायचे. लीलावतीतील उदाहरणे भुंगे, हंस, कमळे यांनी भरलेली आहेत. भुंग्यांच्या एका थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा हिस्सा दुसऱ्या एका फुलावर आणि या दोन हिश्श्यांतील फरकाच्या तिप्पट भुंगे तिसऱ्या झाडावर गेले व एक भुंगा मागे घुटमळत राहिला, तर थवा केवढा, हे त्यातले विशेष प्रसिद्ध उदाहरण. थवा १५ भुंग्यांचा. प्रसंगचित्र इतके ठसठशीत आहे की आकडा विसरला तरी तो एकटा भुंगा विसरत नाही, आणि उत्तराची वाटही त्या उरलेल्या एकापासूनच सुरू होते.

लहान मुलांची स्वाभाविक कुवत किती असते, याबाबत कार्पेंटर आणि सहकाऱ्यांचा १९९३ मधील एक अभ्यास आशादायक आहे. त्यांनी पहिलीच्या आधीच्या वर्गातील ७० मुलांना वर्षाच्या अखेरीस नऊ शाब्दिक उदाहरणे दिली. त्यांत बेरीज-वजाबाकीबरोबर गुणाकाराची आणि भागाकाराचीही, बाकी उरणारी सुद्धा, उदाहरणे होती. ७० पैकी ३२ मुलांनी नऊच्या नऊ उदाहरणांत योग्य रीत वापरली. या मुलांना भागाकार कोणी शिकवलेला नव्हता; त्यांच्या शिक्षकांनी त्यांना वर्षभर प्रसंग मांडून पाहू दिले होते, एवढेच. म्हणजे 'आधी क्रिया पक्की करा, मग शाब्दिक उदाहरणे घ्या' हा बहुतेक वर्गांतला क्रम मुलांच्या स्वभावाला धरून नाही. मुलांना भागाकार हे नाव कळण्यापूर्वी वाटणी करणे कळते.

खुणेच्या शब्दांवर भिस्त

मूल अडले की मदत म्हणून बहुधा एक यादी दिली जाते : 'एकूण', 'मिळून', 'आणखी' आले की बेरीज; 'उरले', 'कमी', 'दिले' आले की वजाबाकी; 'प्रत्येकी' आले की गुणाकार किंवा भागाकार. ही यादी देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि सुरुवातीला तिचा गुण येतो असेही वाटते, कारण पाठ्यपुस्तकातील सोप्या उदाहरणांत हे शब्द बहुतेक वेळा ठरलेल्या क्रियेबरोबरच येतात. परंतु शब्दावरून क्रिया ठरवणारे मूल पाटी न वाचता केवळ लाल रंग पाहून एसटीत चढणाऱ्या प्रवाशासारखे असते : आगारात एकच गाडी उभी असेपर्यंत ते योग्य ठिकाणी पोहोचते, दुसरी गाडी लागली की चुकते. चौकटीतील दुसऱ्या उदाहरणात 'आणखी' आहे आणि करायची आहे वजाबाकी. सहाव्या उदाहरणात 'जास्त' आहे, बेरीज केली तर १८ येतात, जे सीमाकडे असलेल्या १३ गोट्यांहूनही अधिक आहेत. उलट 'काही गोट्या होत्या, ८ हरवल्या आणि ५ उरल्या, तर आधी किती होत्या?' यात 'हरवल्या' आणि 'उरल्या' हे दोन्ही वजाबाकीचे मानलेले शब्द आहेत आणि करायची आहे बेरीज.

या सवयीचा परिणाम लहानपणापुरता राहत नाही. मेरी हेगार्टी, रिचर्ड मेयर आणि मंक यांनी १९९५ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून पाहिल्या, तेव्हा अशा उलट्या शब्दांच्या उदाहरणांत चुकणारे विद्यार्थी पुन्हा पुन्हा आकड्यांकडे आणि 'जास्त-कमी' या शब्दांकडे वळत होते, तर बरोबर सोडवणारे विद्यार्थी कोणाची गोष्ट चालली आहे त्या नावांकडे तुलनेने अधिक वळत होते. पहिल्या गटाला उत्तर आकड्यांतून उपसायचे होते आणि दुसऱ्या गटाला आधी प्रसंग समजून घ्यायचा होता. हा फरक वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी शिकवण्याच्या पद्धतीतूनच रुजत असेल, तर खुणेच्या शब्दांची यादी भिंतीवर लावणे हे मदतीपेक्षा नुकसान अधिक करते, असे स्पष्टपणे म्हणायला हरकत नाही.

उत्तराला अर्थ नसला तरी चालतो, ही शिकवण

फ्रान्समधील ग्रनोबल येथील गणित-अध्यापनाच्या संशोधन संस्थेने १९८० च्या सुमारास सात ते नऊ वर्षांच्या मुलांना विचारलेला एक प्रश्न जगभर गाजला : एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवर काही ना काही क्रिया करून वय काढले. मुले मूर्ख होती असा याचा अर्थ नाही. शाळेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतेच, ते दिलेल्या आकड्यांतूनच निघते आणि सगळे आकडे वापरायचेच असतात, हे नियम कोणी स्पष्टपणे न सांगता मुलांनी अनुभवातून अचूक हेरले होते, आणि त्या नियमांना धरूनच ती वागली. १९८३ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना विचारले होते, की एका लष्करी बसमध्ये ३६ सैनिक बसतात आणि ११२८ सैनिक न्यायचे आहेत, तर किती बस लागतील. सुमारे ७० टक्के विद्यार्थ्यांनी भागाकार बिनचूक केला, पण ३२ बस हे उत्तर केवळ २३ टक्क्यांनी लिहिले. २९ टक्क्यांनी '३१ बाकी १२' असे लिहिले, म्हणजे बारा सैनिक रस्त्यावर उभे राहिले तरी त्यांच्या लेखी गणित पुरे झाले होते.

याची दुसरी बाजू रस्त्यावर दिसते. ब्राझीलमधील रेसिफे शहरात तेरेझिन्हा कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि ॲनालुसिया श्लिमन यांनी रस्त्यावर नारळ, लिंबे वगैरे विकणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांचा केलेला अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या हिशेबांपैकी ९८.२ टक्के या मुलांनी तोंडी बरोबर केले. तेच हिशेब शाब्दिक उदाहरणे म्हणून दिले तेव्हा ७३.७ टक्के, आणि नुसती आकडेमोड म्हणून दिले तेव्हा ३६.८ टक्के बरोबर आले. ३५ क्रुझेरोला एक नारळ, तर दहा नारळांचे किती, हे विचारल्यावर बारा वर्षांच्या एका मुलाने दहाने गुणण्यासाठी शून्य लावले नाही. तीन नारळांचे १०५ त्याला पाठ होते, ते तीनदा घेऊन ३१५ झाले आणि वर एकाचे ३५ मिळवून त्याने ३५० सांगितले. या तीन टक्केवारींकडे पाहता शाब्दिक उदाहरण हे कोऱ्या आकडेमोडीपेक्षा मुळातच कठीण असते, हा समज टिकत नाही. प्रसंग ओळखीचा असेल तर तो मदतच करतो. मात्र बाजारातले कौशल्य आपोआप वहीत उतरत नाही, हेही तितकेच खरे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, किचकट व्यवहार चुटकीसरशी करणारी ही मुले शालेय पद्धतीच्या गणितात मागे पडली, आणि शाळेत गणित करणारी मुले बाजारातील व्यवहारात अडखळली. दोन्हींना जोडणारा पूल कोणीतरी जाणीवपूर्वक बांधावा लागतो आणि शाब्दिक उदाहरण हेच त्याचे स्वाभाविक साधन आहे.

मराठी वर्गातील भाषेचा वाटा

उदाहरणाची भाषा आणि घरची भाषा यांतील अंतर हे अडचणीचे स्वतंत्र कारण असू शकते. घरी 'सगळे मिळून किती', 'राहिले किती', 'एकेकाला किती आले' असे बोलणाऱ्या मुलाला पुस्तकात 'एकूण', 'उर्वरित', 'प्रत्येकी', 'पैकी', 'समान वाटणी' हे शब्द भेटतात. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी आणि माडिया, नंदुरबारमधील भिली बोलणाऱ्या मुलांसाठी तर अख्खे वाक्यच परके असते. अशा वेळी तोच प्रसंग आधी मुलाच्या बोलीत सांगून मग पुस्तकातले वाक्य वाचले, तर अडचण गणिताची होती की शब्दांची, हे लगेच वेगळे होते. तुलनेच्या वाक्यांत आणखी सावधगिरी हवी. 'राजूपेक्षा सीमाकडे ५ गोट्या जास्त आहेत' हे वाक्य झाल्यावर आकडे काढण्याआधी 'गोट्या जास्त कोणाकडे?' एवढेच विचारणे पुष्कळदा पुरेसे ठरते.

तोंडी सांगितलेल्या उदाहरणात संख्येच्या नावाचाही प्रश्न येतो, कारण 'सव्वीस' म्हणताना सहा आधी ऐकू येतात आणि लिहिताना दोन आधी लिहावे लागतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सहा' अशा वाचनाचा पर्याय दिला गेला तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला, डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील गणित समितीने ज्या अडचणीकडे लक्ष वेधले होते ती मात्र खरी होती. मुलाने २६ ऐवजी ६२ लिहून पुढचे सर्व बरोबर केले असेल, तर त्याला शाब्दिक उदाहरण येत नाही असे म्हणता येणार नाही.

प्रसंगचित्र घडवण्याच्या रीती

सर्वांत परिणामकारक आणि बिनखर्चाची रीत म्हणजे पहिल्यांदा उदाहरण आकडे गाळून सांगणे. 'सीमाकडे काही गोट्या होत्या, दादाने आणखी काही दिल्या, आता तिच्याकडे बऱ्याच झाल्या' एवढे सांगून मुलाला ते स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे आणि 'शेवटी गोट्या वाढल्या की कमी झाल्या?', 'दादाने दिलेल्या गोट्या शेवटच्या ढिगापेक्षा जास्त असू शकतील का?' असे विचारावे. आकडेच नसल्यामुळे मुलाला झटपट बेरीज करून मोकळे होता येत नाही. प्रसंग त्याला नीट सांगता आल्यावरच आकडे द्यावेत.

दुसरीच्या पुढे प्रत्येक वेळी चिंचोके मांडणे सोयीचे राहत नाही, तेव्हा चित्राची मदत होते. सिंगापूरमध्ये खो टेक हाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात शालेय अभ्यासक्रमात आणलेली पट्ट्यांची आकृती यासाठी फार उपयुक्त आहे. चौकटीतील सहाव्या उदाहरणासाठी सीमाची एक लांब पट्टी काढून तिच्यावर १३ लिहावे, खाली राजूची आखूड पट्टी काढावी आणि सीमाच्या पट्टीचा जो तुकडा पुढे जातो त्यावर ५ लिहावे. राजूची पट्टी आखूड काढावी लागली याच क्षणी बेरीज करण्याचा मोह संपतो. येथे गोट्या एकेक करून काढण्याची गरज नसते, म्हणून १३ च्या जागी १३०० आले तरी चित्र तेच राहते. गोट्यांवर नक्षी, सीमाला फ्रॉक आणि दादाला मिशा काढण्यात रमलेल्या मुलाला मात्र हळूच विचारावे लागते, की या चित्रात गोष्ट कोठे दिसते.

भागाकाराची उदाहरणेही दोन वेगळ्या प्रसंगांतून येतात याचे भान शिक्षकाला असावे. २० लाडू ५ मुलांत सारखे वाटले तर एकेकाला किती, या प्रसंगात मूल एकेक लाडू पाची जणांपुढे फिरवून ठेवते. २० लाडू, प्रत्येकाला ४ द्यायचे तर किती जणांना पुरतील, यात ते चार-चारचे वाटे करत जाते. दोन्ही ठिकाणी भागाकारच असला तरी हातांची हालचाल निराळी आहे, आणि दोन्ही हालचाली झाल्याखेरीज भागाकाराचे चिन्ह शिकवण्याची घाई करू नये.

उत्तर आल्यावर ताळा घ्यायचा तो केवळ वजाबाकीचा नव्हे, तर प्रसंगाचा : काढलेले ५ पुन्हा गोष्टीत घालून गोष्ट सांगितली तर ती जुळते का? 'कसं काढलंस?' हा प्रश्न चुकलेल्या मुलालाच विचारला जात असेल तर त्याचा अर्थ 'तुझं चुकलं' असा होऊन बसतो, म्हणून बरोबर उत्तर देणाऱ्यालाही तो आवर्जून विचारावा. अधूनमधून जादा माहिती असलेले किंवा मुळीच न सुटणारे उदाहरणही द्यावे आणि 'हे सांगता येत नाही' या उत्तराला शाबासकी द्यावी. तसेच १३ − ८ = ५ एवढेच फळ्यावर लिहून मुलांना त्याच्या गोष्टी रचायला सांगाव्यात; सगळ्या गोष्टी 'दिल्या आणि उरल्या' याच साच्याच्या आल्या, तर पुढच्या आठवड्यात काय शिकवायचे आहे ते शिक्षकाला कळते.

अशा रीतीने एका तासात दोन-तीनच उदाहरणे होतात आणि पाढे व बेरीज-वजाबाकीचा सराव मागे पडेल अशी भीती वाटते. विस्कॉन्सिनच्या गटाने १९८९ मध्ये पहिलीच्या ४० शिक्षकांबरोबर केलेल्या प्रयोगात ही भीती खरी ठरली नाही. मुले उदाहरणे कशी सोडवतात याचे प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांनी वर्गात उदाहरणांना अधिक आणि घोकून घेण्याला कमी वेळ दिला, तरीही त्यांची मुले बेरीज-वजाबाकीच्या पाठांतरातही इतर वर्गांच्या मागे राहिली नाहीत.

एक बदल पाठ्यपुस्तके आणि प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्यांच्या हाती आहे. 'वजाबाकी' या पाठाच्या शेवटी वजाबाकीचीच उदाहरणे दिली की मूल प्रसंग न वाचता शीर्षकावरूनच क्रिया ओळखते आणि बरोबर उत्तर आल्यामुळे त्याला उदाहरण समजले असा सर्वांचा गैरसमज होतो. म्हणून दुसरी-तिसरीच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांनी निरनिराळ्या क्रियांची उदाहरणे सरमिसळ करून द्यावीत, त्यांत आरंभ अज्ञात असलेले एक तरी उदाहरण घालावे, आणि निम्मे गुण मांडणीला, म्हणजे मुलाने काढलेल्या चित्राला किंवा स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या प्रसंगाला, राखून ठेवावेत.